आतून लोखंड धरणारी

आबा, तुमच्या हाताखालून गेलेली ती गोल बोनेटाची गाडी माझ्या अंगणात उभी आहे, आणि माझ्या सुनेची पिशवी दारामागं भरून ठेवलेली आहे. उद्या शनिवार. उद्या तिचा भाऊ बीडहून तिला न्यायला येणार. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध ते तुमच्याशिवाय कोणाला सांगून कळायचं नाही, म्हणून लिहायला बसले. नाहीतर मला पेन धरायची हौस नाही. तिसरीतून तुम्हीच काढलंत, त्यानंतर मी सहीपुरतं लिहिलं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आज वाटली तर मधेच बोलू नका.

गाडी ओळखली असेलच. आपल्याकडच्या पुढाऱ्याची. प्रचाराला निघायची तेव्हा मागं धूळ आणि धुळीत आम्ही पोरं. पुढारी गेला, त्याच्या पोरानं ती शेतातल्या गोठ्यात ढकलली आणि वर कडबा रचला. आता नातवाचं लग्न ठरलंय, आणि त्याला आजोबाच्याच गाडीतून मिरवायचंय. बीडच्या दोन गॅरेजवाल्यांनी हात जोडले. म्हणाले, हा पत्रा बाजारात मिळत नाही आणि हातानं ठोकून काढणारं माणूस उरलं नाही. मग कोणीतरी सांगितलं, मांजरसुंब्याच्या मिस्त्रीची पोरगी अजून ट्रॉल्या ठोकते. ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. येताना एक दार रस्त्यात गळून पडलं, ते मागून मोटरसायकलवर आलं.

पहिले आठ दिवस मी दुरुस्ती केली नाही, मारामारी केली. आत पाय ठेवला तर पाय खाली जमिनीला लागला, तळच नव्हता. सीटखाली उंदराचं बीळ, त्यात लाल आंधळी पिल्लं. फावड्यानं उचलून कोंबड्यांपुढं टाकली. बिजागऱ्या घणानं तोडल्या. कटर लावला की गंज ठिणग्या होऊन तोंडावर यायचा. एक ठिणगी पोलक्यात गेली, कातडी जळाल्याचा वास आला, तरी थांबले नाही. तुमचंच वाक्य डोक्यात, गंज आन साप अर्धा मारू नये. कुजलेला पत्रा कापून फेकत गेले तसतशी ती गाडी दिसेना, नुसता सांगाडा दिसायला लागला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "दुरुस्त करायलीस का खून करायलीस?" मी म्हटलं, "आधी हे, मग ते."

पोरगा उसाच्या ट्रकवर असतो, साखर कारखान्याचा हंगाम पेटला की पाच महिने तोंड दिसत नाही. घरात मी आणि सून. बारावी शिकलेली, काटकीसारखी, तोंडानं मिरची. मला आत्या म्हणते. ठोकायची वेळ आली तशी मी तिला म्हटलं, चाक काढलंय, मडगार्डच्या पोटात बस.

"आत्या, मी लगीन करून घरात आले, गाडीत न्हाई."

"घरात हाईसच की. आता गाडीत बस."

"आन वरून ठोकणार तुमी?"

"मंग काय तुझा बाप येणार?"

"माझा बाप आला तर तुमालाच ठोकील."

दोघी हसलो. ती बसली. मी तिच्या हातात तुमचं लोखंड दिलं.

तुम्हाला काय सांगायचं, पण तिला सांगितलं तसंच लिहिते. लोकांना वाटतं बाहेरून हातोडी मारतो तो मिस्त्री. अर्धं काम आत असतं. बाहेरून घाव बसतो तिथंच बरोबर आतून लोखंड टेकलेलं पाहिजे, तेव्हा पत्रा दोन्हींच्या मधे सापडतो आणि सरळ होतो. आत कोणी नसेल तर हातोडी पत्र्याला नुसती पाडते, फाडते. वरून एक टिचकी म्हणजे लोखंड वर घे, दोन म्हणजे खाली. बोलायचं नाही. हात मऊ ठेवायचा, पण ढिला नाही.

आपल्याकडं आधी आत आई बसायची. हाताखालचा माणूस हुन्नर चोरतो म्हणून तुम्ही गडी ठेवला नाही, बायको ठेवली. कपिलधारच्या यात्रेला गर्दी वाढली की हायवेवर गाड्या एकमेकींना धडकायच्या आणि तुमच्या दुकानापुढं रांग लागायची. असाच एक दिवस, तुमचं तिचं भांडण चाललेलं. ती मडगार्डच्या आतून बोलतेय, तुम्ही बाहेरून तिच्या एकेका शब्दाला एकेक घाव घालताय. कशावरून, तर कालवणातलं मीठ. शेवटच्या घावाला तिचं बोट लोखंड आणि पत्र्याच्या कडेत सापडलं. पेरं चेंबटून चपटं झालं. तुम्ही तिला हळद दिली, शिवी दिली, आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "उद्यापासून तू." दुसऱ्या दिवशी गुरुजी विचारायला आले तर तुम्ही त्यांना हातोडी दाखवलीत. ते परत आले नाहीत.

आईचं लोखंड माझ्या मुठीत मावायचं नाही. चार दिवस सारखं निसटलं, चार दिवस तुम्ही मडगार्डवर लाथ घातलीत, आत कानठळ्या बसायच्या. पाचव्या दिवशी तुम्ही जेवलाच नाहीत. रुळाचा एक तुकडा घेतलात, दुपारभर घासलात, मधेमधे माझी मूठ धरून बघत होता, पुन्हा घासत होता. मग त्याला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलंत, हाताला झिणझिण्या येऊ नयेत म्हणून. "घे," म्हणालात. एवढंच. माझ्या मापाचं काही तुम्ही आयुष्यात केलं असेल तर ते. चपलासुद्धा आईच्या घालायचे.

त्या लोखंडानं मी तुम्हाला ओळखायला शिकले. तोंडावरून कमी, मनगटातून जास्त. रात्री झोप झालीय का, गिऱ्हाईकानं तोंड वाजवलंय का, दुपारी घरी जाऊन कोणाला मारणार आहात, सगळं आधी माझ्या मनगटात यायचं. आत अंधार, ग्रीसचा वास, आणि पुढचा घाव कधी येतोय ते दिसत नाही.

आता मूळ गोष्ट. पंधरा दिवसांपूर्वी या गाडीच्या डाव्या मडगार्डवर तारेचा ब्रश फिरवत होते. रंग गेला, आणि खालून पांढरी लांबी, खड्डे बुजवायची पुट्टी, निघायला लागली. आधी वाटलं नंतर कोणीतरी भरली असेल. पण वरचा रंग तुमचा होता, मीच डब्यात ढवळला होता तो. लांबी बोटभर जाड. आबा, तुम्ही! लांबी भरणाऱ्याला तुम्ही दुकानात चहा पाजत नव्हता. "पत्रा सरळ करतो तो मिस्त्री, भोकात चिखल भरतो तो गवंडी," असं गिऱ्हाइकांपुढं ओरडायचात. मी छिन्नी लावली, एक ठोका घातला, खापरी खापरीनं सगळी खाली आली. आत भोक. चहूबाजूंनी फाटलेलं, ओठ आत वळलेले. ते माझं भोक होतं.

चौदा वर्षांची होते मी. सकाळी तुम्ही आईला भाकरी थापताना मारलंत. चहा थंड झाला होता म्हणून उलथनं फेकलंत, ते कपाळाला लागलं आणि रक्त परातीत पडलं. तिनं तेवढंच पीठ चिमटीनं काढून टाकलं आणि उरलेल्याच्या भाकरी केल्या. आपण दोघांनी त्या खाल्ल्या. मग दुकानात आलो, मी याच मडगार्डच्या आत बसले आणि तुम्ही ठोकायला लागलात. त्या दिवशी तुमचा हात मऊ होता. खुशीत होता तुम्ही. राग सकाळीच घरी टाकून आला होता, आता अंग हलकं झालं होतं, आणि तो हलकेपणा घावाघावाला माझ्या मनगटात येत होता. तो मला सहन झाला नाही. गाडीच्या दिव्यापाशी पत्रा कुजका होता, तिथं तुम्ही मोठा घाव उचललात तसं मी लोखंड काढून घेतलं. मुद्दाम. हातोडी आत आली, तुमचं मनगट आत आलं, पत्र्याच्या धारेनं ते कापलं आणि रक्त माझ्या तोंडावर उडालं.

तुम्ही मला वेणीला धरून बाहेर ओढलंत आणि पाण्याच्या पाईपनं मारलंत. समोरच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर घास हातात धरून उभे राहिले. ढाबेवाला पळत आला, "मिस्त्री, मरंल पोरगी, कावून मारायले?" तुम्ही म्हणालात, "झोपली आत! डुलकी लागली सटवीला!" पुढारी आला तेव्हा त्यालाही तेच, "पोरीला डुलकी लागली, सरकार." पाठीवरचे वळ आठ दिवस ठसठसत होते, पण मी मनातून खूश होते. म्हटलं, बघा, एवढा मोठा मिस्त्री, याला कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर तुम्ही मला आत बसवलं नाहीत. कोणालाच नाही. मला वाटलं ती शिक्षा आहे. दोन वर्षांनी लग्न लावून दिलंत, सासरी निघताना ते लोखंड माझ्या ट्रंकेत कोणी टाकलं ते मी कधी विचारलं नाही. मग तुम्ही छातीत कळ येऊन गेलात, दुकान रस्ता रुंद करताना गेलं, आणि मी चौतीस वर्षं तेच धरून बसले की तुम्हाला कळलं नव्हतं.

मागच्या सोमवारी मी सुनेला मारलं.

घासून पांढरा केलेला पत्रा उघडा ठेवायचा नसतो, संध्याकाळी त्याला लाल प्रायमरचा हात द्यावा लागतो. नाहीतर दव पडतं आणि सकाळी गव्हावर पडतो तसा तांबेरा. रविवारी सांजच्याला मी तिला सांगून दळणाला गेले. तिनं अर्ध्या बोनेटला रंग दिला, तेवढ्यात माहेरचा फोन आला, अर्धं राहिलं. सोमवारी उठून बघते तर अर्धं बोनेट नारिंगी. चार दिवस घासलेलं. माझी बोटं सोलली होती त्यात. हौदाला हिरवा पाईप लावलेला होता, तो कधी हातात आला मला आठवत नाही. पाठीवर मारलं. तिनं हात वर केले, हातांवर मारलं. मारताना मला बरं वाटत होतं, आबा, ते लिहून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. शेजारीण ओरडली, "अगं बाई, सून हाय ती, बैल न्हाई!"

सून ओरडली नाही. मी थांबले तेव्हा म्हणाली, "झालं?" आत गेली, भावाला फोन लावला. "शनिवारी ये. न्यायला. आत्ता नगं, शनिवारी." पिशवी भरली आणि दारामागं ठेवली. आणि मग बाहेर येऊन पुन्हा मडगार्डच्या पोटात बसली.

मी म्हटलं, "आता कशाला?"

"शनवारपर्यंत करते. फुकट खाल्लं म्हणायला नगं कुणी."

चार दिवस एक शब्द नाही. टिचकी मारली की लोखंड वर, दोन मारल्या की खाली. इतकं नेमकं काम तिनं आधी केलं नव्हतं. मीही बोलले नाही. काय बोलायचं असतं ते आपल्या घरात मला कोणी शिकवलंच नाही.

आज सकाळी त्या भोकावर नवा पत्रा जोडून त्याची कड बसवत होते. ठण्ण, ठण्ण, बरोबर चाललेलं. पुढचा घाव उचलला, घातला, आणि भद्द. हातोडी आत. जोड उकलला, माझं मनगट कडेवर घासत गेलं, रक्त निघालं. आणि आबा, हातोडी आत पोचायच्या आधी मला कळलं होतं. कानाला कळलं. डुलकी लागते तेव्हा लोखंड घसरतं, पण पत्र्याला कुठंतरी लागून असतं, खरखरतं, अर्धा आवाज देतं. काढून घेतलं की आवाजच येत नाही. ज्यानं दहा वर्षं ठोकलंय त्याला हे कळतंच. तुम्ही तर तीस वर्षं ठोकलं होतं.

मी भोकातून आत बघितलं. आतून तिचा डोळा माझ्याकडं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "डुलकी लागली का गं?"

माहीत असून विचारलं. आवाज माझा होता आणि बोलणं तुमचं. तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. ढाबेवाल्यापुढं, पुढाऱ्यापुढं, सगळ्यांपुढं तुम्ही मला झोपवलंत. पोरीनं मुद्दाम केलं म्हणायचं तर कशामुळं केलं तेही म्हणावं लागलं असतं. ते तुमच्या तोंडून निघालं नसतं. म्हणून पाईप उचललात, आणि नंतर एकटेच बसून भोकात चिखल भरलात, वरून रंग मारलात. आत बसायला मला पुन्हा बोलावलं नाहीत. ती शिक्षा नव्हती. तुम्हाला माझ्या हाताची भीती बसली होती.

पण माझी सून माझ्यासारखी नाही. ती आतून म्हणाली, "न्हाई. जागी हाय मी. काढलं."

"कावून?"

"तुमाला म्हाईत न्हाई?"

ती बाहेर आली, लोखंड मुठीत तसंच. दंडावर सोमवारचे वळ, निळ्याचे हिरवे झालेले. म्हणाली, "मारा आता. पाईप तितंच हाय. पण आत्या, आजच्याला माझ्या हातात बी कायतरी हाय, बघून मारा."

मी जाऊन पाईप उचलला. ती जागची हलली नाही. लाकडं फोडायच्या ओंडक्यावर तो पाईप धरला आणि कुऱ्हाडीनं तोडला. एक घाव, दोन घाव, दहा घाव, ओंडक्याची ढलपी उडेपर्यंत. मनगटातलं रक्त कुऱ्हाडीच्या दांड्यावर येत होतं. ती बघत राहिली. मी थांबले तशी म्हणाली, "आता हौदाला पाणी काय वंजळीनं आणायचं?"

मी म्हटलं, "सरक. मी आत बसते. तू ठोक."

"तुमी मावणार न्हाई."

"बघू."

गुडघे कानाला लागले, पोट मडगार्डला घासलं, पण मावले. लोखंड तिच्याकडून घेतलं. गरम होतं. मुठीला लहान पडलं, तरी धरलं. एक टिचकी ऐकू आली, लोखंड वर घेतलं. आणि पहिला घाव आला. माझे दात एकमेकांवर आपटले. दुसरा त्याच्याहून मोठा. तो पत्र्यासाठी नव्हता, पत्रा तेवढ्यानं कधीच बसला असता. मी लोखंड काढलं नाही. ती मारत होती, मी धरत होते. दाढेतून कळ डोक्यात जात होती, मनगटाचं रक्त कोपरापर्यंत आलं होतं. पत्र्याच्या पलीकडं काय चाललंय, तिचं तोंड कसं आहे, काही दिसत नव्हतं. आबा, तुम्ही कधी आत बसला नाहीत. एकदासुद्धा. बसला असतात तर काही गोष्टी तुम्हाला पाईपाशिवाय कळल्या असत्या.

बऱ्याच वेळानं घाव कामापुरते झाले. मग एकाएकी बरोबर पडायला लागले, ठण्ण, ठण्ण, कडेनं सरळ रेषेत. कोणी शिकवलं तिला? आत बसून शिकली असेल, मी शिकले तशी. मी बाहेर पडून हात फिरवला. जोड कुठं आहे ते बोटाला सापडेना. लांबी लागणार नाही. तिनंही हात फिरवला, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मनगट धुवा, लाल झालाय सगळा पत्रा." आणि जाऊन प्रायमरचा डबा घेऊन आली. पूर्ण मडगार्डला हात दिला, कानाकोपऱ्यासकट. पिशवी मात्र दारामागंच आहे.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. उद्या रंगाआधी काचांवर कागद चिकटवायचेत, रद्दी कमी पडली तर हेच लावीन.

सांज झाली. आत ती भाकऱ्या थापतेय. मी उंबऱ्याबाहेर बसून आवाज ऐकतेय. हात जड पडतोय, मधेच एक भाकरी फाटली, तिनं पुन्हा गोळा केला. राग आहे अजून. सकाळएवढा नाही. तिच्या भावाची गाडी सकाळी लवकर येते, त्याच्या आधी आत जाऊन मला एक शब्द बोलायचा आहे. तुम्ही लांबी भरलीत, पण तुमच्या तोंडातून निघाला नाही, तोच चुकल्याचा शब्द. एवढे कागद लिहून झाले आणि मी अजून इथंच बसले आहे. भीती वाटते, आबा. मडगार्डच्या आत वाटायची तशीच.